पिलाचं खाणं बदलायचं तर दहा दिवस हाताशी ठेवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे गावातले पोट्टे लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागत फिरतात. त्या वर्षी आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जो आला त्याचं लक्ष बैलावर कमी आणि शेरूवर जास्त. शेरू म्हणजे लॅब्राडोरचं अडीच महिन्यांचं पिलू, पोरानं नागपूरहून आणून दिलेलं. कोणी त्याला बिस्किट दिलं, कोणी पुरणपोळीचा तुकडा, एकानं तर अख्खा वडा. सकाळी मी स्वतः दुधात भाकर कुस्करून दिली होती ती वेगळीच. रात्री अकराला सपरी धुवायला घेतली, ती पहाटेपर्यंत पाच वेळा धुतली.

दोष पोट्ट्यांचा थोडा, माझाच जास्त. पोरानं पिलासोबत तीन किलो खाद्याची पिशवी दिली होती. दिवसातून चार वेळा एकेक वाटी, वाटीत चाळीस ग्रॅम, म्हणजे दिवसाला १६० ग्रॅम. तीन किलो किती दिवस पुरणार? अठरा. एकराला बियाण्याच्या किती थैल्या आणि खताच्या किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते, पण पिलाच्या पिशवीचा हा हिशोब काही डोक्यात आला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी पिशवी झटकली तर तळाशी भुगा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या बाजूला. असलं खाद्य घ्यायला यवतमाळ गाठावं लागतं, त्यात अर्धा दिवस मोडतो, आणि बैलांचा सण सोडून कुत्र्याच्या खाद्यासाठी कोण जाईल! शेजारची आजी म्हणाली, "कुत्र्याचंच त पिलू हाय, वाघाचं थोडीच हाय. दे भाकर, काई होत नाई." मलाही ते पटलं.

नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून जे शिकले आणि पुढं दोन-तीन पिलांवर जे वापरलं, ते इथं लिहिते.

आधी हे का होतं ते. त्यासाठी ढोरांकडे पाहा. मृगाचा पाऊस पडून धुऱ्यावर कोवळं गवत आलं, की उन्हाळाभर कडबा-कुटार खाल्लेली ढोरं त्यावर तुटून पडतात आणि दोन-चार दिवस पातळ शेण टाकतात. गवतात काही विष नसतं. पोटातले जिवाणू कडब्याला सरावलेले असतात, हिरव्या चाऱ्याला सरावायला त्यांना वेळ लागतो. बैलानं एकदम टोपलंभर ज्वारी खाल्ली तर तो दगावूही शकतो, हे तर आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. कुत्र्याचं पोट बैलासारखं नाही, पण गोष्ट तीच. आतड्यातले जिवाणू आणि पाचक रस रोजच्या खाण्याच्या बेतानं चालतात. बेत एका रात्रीत बदलला की न पचलेला घास मोठ्या आतड्यात उतरतो, तिथं आंबतो, पाणी ओढतो. मग पोटात गुडगुड, वास, हगवण.

त्यात दूध म्हणजे आगीत तेल. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात, पण दुधातली साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती कमी असते. कुत्रीच्या दुधात ३ ते ४ टक्के, गाईच्या दुधात ५ टक्क्यांच्या आसपास. वरून ही साखर पचवणारा रस पिलू आईपासून तुटल्यावर आटत जातो. "मग बकरीचं देऊ का?" हे मला प्रत्येक जण विचारतो. बकरीच्या दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढंच असतं. काही पिलं दूध पिऊन ठणठणीत राहतात, मी पाहिली आहेत; पण आपलं पिलू त्यातलं आहे का, हे खाणं बदलायच्या आठवड्यात तपासायला जाऊ नये.

चार चमच्यांचा हिशोब

आता बदलायचं कसं. एका वेळच्या जेवणाचे चार मोठे चमचे धरा. पहिले तीन दिवस तीन चमचे जुनं खाद्य आणि एक चमचा नवं. पुढचे तीन दिवस दोन आणि दोन. त्यापुढचे तीन दिवस एक जुनं, तीन नवं. दहाव्या दिवशी सगळं नवं. काही जण सात दिवसांत उरकतात, धडधाकट पिलाला तेही चालतं. मी दहाच धरते.

दिवस लक्षात राहत नाहीत, म्हणून मी ढोरांच्या कोठ्याच्या दारावर खडूनं रोज एक रेघ मारते. पण रेघ मारायची ती सकाळची संडास पाहूनच. घाण वाटून घेऊ नका, शेण पाहिल्याशिवाय ढोराचं कळत नाही आणि हे पाहिल्याशिवाय पिलाचं कळत नाही. भाकरीसाठी मळलेल्या पिठासारखी, उचलली तर उचलली जाणारी असली की मार रेघ, जा पुढं. झुणक्यासारखी मऊ पडली तर आहे त्याच मापावर दोन दिवस थांबायचं. कढी झाली तर एक पायरी मागं यायचं, आणि कारण खाणंच आहे की दुसरं काही, ते पाहायचं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे, तो भाग सोडू नका.

जुनं खाद्य शिल्लक असेपर्यंतच हे सगळं जमतं, खरी मेख इथंच आहे. म्हणून पिशवीत दहा-बारा दिवसांचं उरलं की पुढची मागवायची. दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं असलं तरी तेव्हाच. पिलू नवीन आणत असाल तर ज्याच्याकडून आणता त्याला विचारा की हे आजवर काय खात होतं, आणि ते आठ-दहा दिवसांचं सोबतच मागून घ्या. ते खाणं तुम्हाला कितीही भिकार वाटलं तरी पहिला आठवडा तेच द्यायचं. गाडीचा प्रवास, आई सुटली, नवं पाणी, नवी माणसं, एवढ्यानंच पिलाचं पोट ढवळून निघालेलं असतं.

खाद्याचे दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून दिले तर लहान पिलू बरं खातं. मात्र आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. भिजवलेलं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काढून टाकायचं. "संध्याकाळी खाईल" म्हणून ताटली झाकून ठेवली की ते आंबलंच समजा. आणि भूक दिसते म्हणून माप वाढवू नका. लॅब्राडोर तर गोणी खाऊनही उपाशीच दिसतो. जास्त खाल्ल्यानंही तशीच हगवण लागते, आणि मग आपण उगीच नव्या खाद्याला बोल लावतो.

पाकिटावरून घरच्या जेवणावर आणायचं असलं तरी चार चमच्यांचा हिशोब तोच. मऊ शिजवलेला भात, उकडलेलं कोंबडीचं मटन किंवा अंडं, बिनफोडणीची तुरीची घट्ट डाळ, हे एकेक करून वाढवायचं. भाकर शेवटी आणि थोडी. नुसत्या भाकर-ताकावर पिलू जगतं हे खरं, गावात जगताना दिसतातच, पण वाढत्या हाडामासाला लागणारं त्यात पुरेसं नसतं. पण म्हणून कॅल्शियमचं टॉनिक आपल्या मनानं ओतू नका. मोठ्या जातीच्या पिलाला जास्तीचं कॅल्शियम हाडांतच बाधतं. पूर्ण घरच्या जेवणावर ठेवायचं असेल तर डॉक्टरांकडून माप लिहून घ्या.

हगवण लागलीच तर

त्या पहाटे शेरू थकलेला होता, पण शेपूट हलत होती आणि पाणी पीत होता. सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी चार गोष्टी विचारल्या: उलटी होते का, संडासात रक्त आहे का, पाणी पितो का, आणि लस कधी दिली. फोन करण्याआधी या चार गोष्टी पाहून ठेवा, त्यांचाही वेळ वाचतो. उलटी नव्हती, रक्त नव्हतं, पहिली लस नागपुरात झालेली. मग ते म्हणाले, घरीच सांभाळा, पण मी सांगतो तसं, आणि उद्या सकाळी कळवा.

दूध, बिस्किट, भाकर सगळं बंद. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून गंजात गिजगा शिजवायचा. कोंबडीचा कातडी काढलेला तुकडा वेगळा उकडून बारीक तोडायचा, हाड एकही राहू द्यायचं नाही. दोन वाटे भात, एक वाटा कोंबडी. मीठ, तेल, हळद, तिखट काहीच नाही. आमच्या घरात तिखटाशिवाय काही शिजू शकतं यावर यांचा विश्वासच नव्हता, गंज हुंगून पाहिला त्यांनी. लिंबापेक्षा जरासा मोठा गोळा, दर तीन तासांनी. सोबत उकडून कुस्करलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, एक चमचा. कोहळ्याच्या चोथ्यानं संडास बांधून यायला मदत होते. दुसऱ्या दिवशी एक चमचा ताजं दही दिलं. विरजणानं दुधातली थोडी साखर आधीच खाल्लेली असते, म्हणून दही दुधापेक्षा सोसतं. तिसऱ्या दिवशी संडास घट्ट झाली. तोवर पोरगा नवी पिशवी घेऊन आला होता, मग भाताचे तीन चमचे आणि खाद्याचा एक, असं पहिल्या रेघेपासून सुरू केलं.

"एक दिवस उपाशी ठेव, आपोआप थांबते" असं तुम्हाला चार जण सांगतील. मोठ्या कुत्र्याला एखादं जेवण चुकवलं तर चालून जातं. पिलाला उपाशी ठेवू नका, त्याच्या अंगात साठा नसतो, रक्तातली साखर झपकन उतरते. पिलू लटपटायला, थरथरायला लागलं तर बोटानं साखरेचं पाणी किंवा मध हिरड्यांना चोळायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

पाण्याची ताटली सतत भरलेली ठेवा. मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून, दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचा-दोन चमचे पुढं करावं. चाटलं तर ठीक. सुस्त पडलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या पिलाच्या तोंडात जबरदस्तीनं ओतलं तर ते फुफ्फुसात जातं आणि एकाचे दोन आजार होतात.

अंगातलं पाणी किती उतरलं हे पाहायची रीत डॉक्टरांनी नंतर हातात हात घेऊन दाखवली. पिलाला मांडीवर घ्यायचं, वरचा ओठ उचलायचा. शेरूच्या हिरड्यांवर काळे डाग आहेत, ते सोडून गुलाबी जागा शोधायची आणि अंगठा दाबायचा. अंगठ्याखालची जागा पांढरी पडते. सोडला की मनात एक-दोन म्हणायचं; दोनच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. आणि अंगठा ओला, बुळबुळीत लागायला हवा. कोरडा, चिकट लागला, किंवा रंग फिकाच राहिला, तर घरचे उपाय तिथंच थांबवायचे. मानेची कातडी चिमटीत धरून पाहतात तेही बरोबर आहे, पण पिलांची कातडी मुळातच सैल, त्यावर माझा भरवसा कमी. बरं असताना एकदोनदा हे करून ठेवा, म्हणजे पिलालाही सवय होते आणि तुम्हालाही चांगली हिरडी कशी लागते ते कळतं.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. संडास बंद करायची गोळी, तापाची पॅरासिटामॉल, दुखण्याची डायक्लोफेनॅक, कुठलीच नाही. अर्धी देऊ का, पाव देऊ का, हेही विचारू नका. यातल्या काही कुत्र्याच्या लिव्हरला, किडनीला, पोटाला भोवतात.

कारण खाणं नसतं तेव्हा

शेरूच्या तीन वर्षं आधी आमच्याकडे मोती होता, उकिरड्यावरून उचलून आणलेला गावठी. लस वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हती. त्याला वरण-भात सुरू केला आणि चार दिवसांनी पातळ संडास लागली. मी म्हटलं, खाणं बदललं ना, होईल दोन दिवसांत बरा. पेज देत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं पिवळा फेस ओकला, अन्नावरून तोंड फिरवलं, आणि कोठ्याच्या कोपऱ्यात ओल्या मातीवर जाऊन पडला. रात्री संडास लाल झाली. त्याचा जो वास होता तो मी सांगू शकत नाही, पण एकदा आला की आयुष्यभर ओळखू येतो. दवाखान्यात सलाईन लावली, दोन दिवस झगडला, गेला. पार्व्हो होता, कुत्र्यांचं आतडं पोखरणारा विषाणूचा रोग.

तेव्हापासून माझा नियम आहे. खाण्यानं बिघडलेलं पिलू हगतं पण खेळतं. ज्याचं खेळणं थांबलं त्याचं खाणं शोधत बसायचं नाही. पुन्हा पुन्हा उलटी, रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, जेवणाकडे पाठ, फुगलेलं दुखरं पोट, थंड पडलेले कान-पाय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लस न झालेल्या पिलाला उलटी आणि हगवण एकदम लागली तर तासही मोजू नका. हगवण साधी वाटली तरी एका दिवसात उतार पडला नाही तर दाखवायचंच. आणि नेताना दवाखान्याच्या ओट्यावर दुसऱ्या कुत्र्यांमध्ये खाली सोडू नका, पोत्यात गुंडाळून हातातच ठेवा.

पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने, अगदी वर्षभरही टिकतो, आणि फिनाइलला तो फारसा जुमानत नाही. फरशी आधी घासून धुवायची, मग धुण्याचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. शेणानं सारवलेल्या अंगणाला ब्लीच काय करणार? म्हणून शेरू आला तेव्हा त्याला मोतीच्या कोपऱ्यात पाय ठेवू दिला नाही, सपरीच्या फरशीवरच वाढवला. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. एक दिली म्हणजे झालं, असं नसतं. त्या पूर्ण होईपर्यंत गावच्या कुत्र्यांत, उकिरड्यावर सोडायचं नाही.

दुसरी गोष्ट जंतांची. ते पिलाला आईच्या पोटातच, नाही तर दुधातून मिळतात, म्हणून "आमचं पिलू तर घराबाहेर गेलंच नाही" याला अर्थ नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा जंताचं औषध द्यावं, आणि ते वजनाप्रमाणे. वजन आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर केलं, दुकानदार पोतं मोजतो तसा शेरूला मोजला. पोट नगाऱ्यासारखं, अंग काडीसारखं आणि संडासात शेवयांसारखे जंत दिसले तर खाद्य कितीही बदला, हगवण जायची नाही. हे जंत माणसांच्या लेकरांनाही बाधतात, तेव्हा पिलाशी खेळून आल्यावर हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देऊ नका. आणि खाद्य बदलणं, जंताचं औषध, लस हे एकाच आठवड्यात उरकू नका. बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळणार कसं?

सणावाराला पोट्ट्यांना आधीच सांगून ठेवायचं. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषच. कांद्या-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे वडे, भजी, सावजी रस्सा सगळंच बाद, रस्सा तर त्यातल्या तेलानंही बाद. शिजलेली हाडं चिरफाळतात आणि आतडं फाडतात. आता तान्ह्या पोळ्याला मी सपरीत एका डबीत शेरूच्या खाद्याचेच वीस दाणे ठेवते. ज्याला घालायचं त्यानं त्यातला एक घालावा. पोट्ट्यांना चालतं, त्यांना फक्त त्यानं हातातून घेतलेलं पाहिजे असतं.

गावठी पिलांना एवढं सगळं लागतं का, असं मला नेहमी विचारतात. यंदा माघात आमच्या कोठ्यात एक पांढरी कुत्री व्याली. पिलं तीन-चार आठवड्यांची झाली तेव्हा ती बाहेरून यायची आणि त्यांच्यापुढं खाल्लेलं ओकायची, आणि पिलं ते चाटूनपुसून खायची. शेजारची आजी म्हणाली, "बिमार हाय व ते, हाकल तिले." बिमार नव्हती. अर्धवट पचलेलं ऊन-ऊन अन्न ती पिलांना देत होती, दूधही चालूच होतं. मी फक्त शेजारी एका परातीत पातळ भात-कोंबडी ठेवायला लागले, पहिल्या दिवशी चाटण्यापुरती, आठवड्यानं चमचा-चमचा. सहाव्या आठवड्यानंतर ती स्वतःच त्यांना दुधापासून झटकायला लागली, आणि पाचही पिलांत एकाचीही सपरी मला रात्री उठून धुवावी लागली नाही.